आवाज बंद

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात यज्ञेश साध्या गेम कन्सोलचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून गेम बनवणारे वापरतात तसं मशीन करून द्यायचा. मग त्यात काहीच कुलूपबंद राहायचं नाही. दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या रंगूबाईंनी त्यांच्या मुलाचं, सूरजचं, कन्सोल आणलं. पासवर्ड त्यालाच ठाऊक होता, आणि पोरगा खेळता खेळताच हृदय बंद पडून गेला होता.

आत सूरजच्या शेवटच्या खेळाचं, त्याच्या माइकच्या आवाजासकट, रेकॉर्डिंग निघालं. तो हसत होता आणि मागून रंगूबाई ओरडत होत्या, "मर मेल्या, त्या डब्यासमोरच मर!"

यज्ञेशने रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं. रंगूबाई कन्सोल न्यायला आल्या तेव्हा त्याने आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं.

"मावशी, आवाज रेकॉर्ड नाही झालेला."

पडद्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "झालाय रे बाळा. मी रोज ऐकते."