उघडी राहिलेली सीडी

त्या दिवशी जळगावला अक्काच्या घरी आम्ही चौघं होतो. मी, माझी मोठी बहीण अक्का, तिची सून मंगल, आणि आमच्या सोनगीरचा फोटोवाला भाऊ. त्याचं नाव नाही सांगत. त्याला आवडायचं नाही.

सोनगीरच्या स्टँडवर उतरला असाल तर तुम्ही त्याला पाहिला असेल. दोन्ही कानांच्या पाळ्या धरायचा आणि म्हणायचा, "चूक मनीच शे." चूक माझीच, म्हणजे. लग्नात लाईट गेली, त्याची चूक. नवरदेवानं डोळे मिटले, त्याची चूक. एकदा नवरदेवाचा मामा वैतागला. म्हणे, "तू जन्माले ऊना तेबी तुनीच चूक का?" हा म्हणतो, "मनी माय तर तेच सांगस." सगळा मांडव हसला.

त्याची एक रीत होती. लग्नाची सीडी तो कधी पुरती भरायचा नाही. थोडी मोकळी ठेवायचा. "जागा ठेयेल शे, माय. डोहाळजेवण, बारसं, बठ्ठं याच सीडीमा टाकूत." माणसाला पुन्हा नवी घ्यायला लागू नये, एवढाच त्याचा हिशोब.

माझी लेक गेली तेव्हा तिची पोर पूजा रांगत होती. मी रोज दुसऱ्याच्या शेतात. रडायला बी सवड नव्हती, पोरीला कुठून बघणार? अक्कानं तिला जळगावला नेलं, वाढवलं, शिकवलं. लग्न मात्र माझ्या दारात, सोनगीरला झालं. त्याच्या आधीच अक्का पडली, मांडीचं हाड मोडलं. पोर मांडवात आणि अक्का खाटेवर.

त्यात तिच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिली ती किती टिकंल सांगता येत नाही. हातातला फोटो तिला दिसायचा नाही. टीव्हीच्या जवळ बसली तर मोठं मोठं दिसायचं. म्हणून ती भाऊनं भरलेल्या लग्नाच्या सीडीची वाट बघत होती.

मी एसटीनं सीडी घेऊन गेले. मंगलनं ती प्लेअरमधी घातली. आत नुसती घरघर. मंगल म्हणाली, "मावशी, हा प्लेअर म्हणतो सीडीच नाही." काढली, पुसली, पुन्हा घातली. तेच. अक्का टीव्हीपुढं बसलेली. म्हणाली, राहू दे, पुढच्या खेपेला आण.

परत आणली तर भाऊच्या कंप्युटरवर सगळे फोटो दिसले. त्यानं कान धरले, दुसरी करून दिली. मी कापूस वेचायला जात होते, लगेच जाता आलं नाही. अक्काचा फोन यायचा, "कधी येतेस?" मी म्हणायचे, येते ना. गेले तेव्हा दुसरीबी लागली नाही.

मग भाऊ धुळ्याला एका दुकानात विचारून आला. तोंड उतरलेलं. सीडी भरल्यावर ती बंद करावी लागते म्हणे. उघडी ठेवली तर कंप्युटर वाचतो, घरचे काही प्लेअर वाचत नाहीत. आणि तो तर सगळ्यांच्याच उघड्या ठेवत आला होता. पुढच्या बारशासाठी. त्यानं नवी सीडी केली, बंद केली, आणि स्वतः माझ्यासंगं जळगावला आला.

त्या दिवशी सीडी लागली. टीव्हीभर पूजा. हळदीचं पिवळं तोंड. एक फोटो गेला, दुसरा गेला. मंगल पदरानं डोळे पुसायला लागली.

अक्का म्हणाली, "लागली का रे?"

राहिलेली नजरबी गेली होती. तिनं आम्हाला काही कळू दिलं नव्हतं.

भाऊ उठला, स्टूल ओढून अक्काच्या कानाजवळ बसला आणि सांगायला लागला. पूजा पाटावर बसेल शे. हातमा हिरवा चुडा. अक्का विचारायची, तोंड सुकलंय का तिचं? तो म्हणायचा, नही अक्का, हसस ती. असे किती तरी फोटो त्यानं सांगितले. अक्काबी हसत होती.

मग पाठवणीचा फोटो आला. गाडीपाशी पूजा उभी, कानाला फोन, रडते आहे. फोनवर तेव्हा अक्काच होती. फोटो काढताना भाऊला ते ठाऊक होतं.

"पुढचा सांग," अक्का म्हणाली.

त्याला सांगता आलं नाही. कान धरले. "चूक मनीच शे, अक्का." आणि चपला घालून निघून गेला.

चूक त्याची एकट्याची कशी? पण ते त्याला मी तेव्हा म्हटलं नाही, आणि नंतर तो सापडला नाही. स्टुडिओ बंद. सुरतेला गेला म्हणतात.

अक्का अजून आहे. मंगल म्हणते, मी सांगते राहिलेले फोटो. अक्का ऐकत नाही. म्हणते, त्यानं काढलेत, त्यालाच सांगू दे.

तुम्हाला तो कुठं भेटला तर एवढं सांगा. अक्का रागावली नाही. पाठवणीपासून पुढचे फोटो राहिलेत, तेवढे सांगून जा म्हणावं.