बरबटीवरच्या मुंग्या

“मुंग्या मावा खाऊन राहिल्या, त्याईले हात नोको लावू,” मामी शेजारणीला सांगत होती.

आज अमरावतीच्या खोलीत कुंडीतल्या जास्वंदीचं पान बोटांना चिकट लागलं आणि ते वाक्य पुन्हा ऐकू आलं.

शाळेत असताना सुट्टीत मी मामाकडे गेले होते; तिथे अचलपूरजवळच्या वावरात, कपाशीच्या कडेला मामीने हौसेने बरबटीची, म्हणजे चवळीची, एक ओळ लावली होती. शेंगा रस शोषणाऱ्या बारीक काळ्या किडीने, माव्याने, माखून सुकायला लागल्या होत्या आणि त्यांवर मुंग्यांची धावपळ चालली होती. मामी मात्र लाल, काळ्या ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या काटेरी अळ्यांनाच कीड समजून वेचत होती, चपलेखाली चिरडत होती. खरं तर मावा खाते ती अळी. मुंग्यांना हवा असतो माव्यातून पाझरणारा गोड चिकटा, म्हणून त्या माव्याला जपतात. मी हे शाळेत शिकले होते, पण इंग्रजीत. माझ्या पुस्तकी मराठीला सगळे हसतील म्हणून मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

“काहून चूप हायेस व, इंग्लिश मॅडम?” मामेबहीण म्हणाली. तेव्हा ते टोचलं. आज वाटतं, ती मला बोलतं करत होती.

मामीच्या चिमटीत आणखी एक अळी वळवळली आणि मी ओरडलेच, “मामी, तिले मारू नोको! मावा तेच खाते, मुंग्या तं त्याची राखण करून राहिल्या!”