हिमोग्लोबिन सात आणि हापूसची पेटी

दुसरा हापूस कोयीपर्यंत आला तरी मी पेशंटचं नाव काढलेलं नव्हतं.

समोर आप्पा बसले होते. पावस गावाच्या बाजूला त्यांची मोठी आंब्याची बाग. मी जवळच्या आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर. आलो होतो सरितासाठी. सरिता म्हणजे बागेच्या राखणदाराची, गणेशची बायको. दोघं नेपाळची. दर सीझनला येतात, बागेतच पत्र्याच्या खोपीत राहतात. तिला आठवा महिना लागला होता आणि हिमोग्लोबिन होतं सात.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन अकरा तरी हवं. बाळंतपणात थोडं रक्त जातंच. अकरावाली ते सोसते. सातवालीला जरा जास्त गेलं तर ती टेबलावरच जाते. गोळ्यांनी सरिताला उलट्या होत. म्हणून आयर्न सुक्रोज द्यायचं ठरलं, म्हणजे सलाईनमधून लोह, एक दिवसाआड, आमच्याकडे येऊन. केंद्राच्या आशाताई घरी जाऊन सांगून आल्या, तरी ती आली नाही. भर काढणीत नवऱ्याला बाग सोडता येईना, आणि तिने एकटीने कधी एसटी पकडलेली नव्हती. "मी बघतो," असं ऐटीत सांगून मी निघालो होतो.

आता आमच्याकडची एक रीत. एप्रिल-मेमध्ये सरकारी गाडी बागेत शिरली, की साहेब कशाला आले हे कोणी विचारत नाही. खुर्ची येते, आंबा कापला जातो, साहेब उठेपर्यंत गाडीत पेटी गेलेली असते.

"आप्पा, मी जरा कामासाठी..."

"काम कळलं हो. आधी खा."

मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, चांगला होता. मग हवामान, माकडं, मोहोरावरचा तुडतुडा, सगळं झालं. तेवढ्यात चहा आला. आणला सरितानेच. खोपीपासून चालत आली तेवढ्याने तिला धाप लागली होती. कप धरलेली बोटं मेणासारखी पांढरी. माझ्या पेशंटच्या हातचा चहा मी प्यालो आणि म्हणालो, "केंद्रात या हं."

तिने आप्पांकडे पाहिलं.

"येईल हो, सीझन झाला की," आप्पा म्हणाले.

आणि मी म्हणालो, "बरं."

केंद्रात कदम सिस्टर सलाईनचा स्टँड लावून बसल्या होत्या. "सर, पेशंट?"

"येते म्हणाली."

मागून ड्रायव्हरने पेटी आणून ठेवली. सिस्टरनी पेटीकडे बघितलं. "हिला सुई कुठं टोचू, सर?"

दुसऱ्या दिवशी पेटीसकट परत गेलो. पेटी बघून आप्पांचा चेहरा पडला.

"पिकला नाय? अहो, पेंढ्यात ठेवायचा असतो चार दिवस."

खुर्ची आली. मी बसलो नाही. "आप्पा, तुमची सरिता बाळंतपणात मरू शकते."

आप्पा म्हणाले, "भरल्या बागेत असलं काय बोलता?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. "पावसाच्या आधी गावाला जातायत ती. तिकडे काय ते करतील."

"लांबचा प्रवास आहे. रेल्वेतच सुरू झालं तर?"

आप्पांचा आवाज चढला. "मग हे काल का नाय बोललात? काल काय आंबे खायला आला होतात?"



गणेश बागेच्या दगडी गडग्याला टेकून ऐकत होता. "मी बोललो होतो, शेठ."

"तू दवाखान्यात जायचंय म्हणालास. मरेल म्हणालास काय?"

"मला कुठं ठाऊक होतं?" गणेश म्हणाला.

खरंच होतं. ते ठाऊक असणारा माणूस आदल्या दिवशी आंबे खात होता.

आप्पांनी पिकअपच्या ड्रायव्हरला हाक मारली. गाडी रोज सकाळी क्रेट घेऊन रत्नागिरीला जायची, आमच्या दारावरूनच. "उद्यापासून दिवसाआड हिला पुढच्या सीटवर बसव. येताना घेऊन ये. आणि खड्ड्यात गाडी हळू घाल." मग माझ्याकडे वळून, "आंब्यासाठी पण तेच सांगतो त्याला, पण ऐकत नाय."

सरिता येत राहिली. सलाईन चालू असताना गाढ झोपायची. खोपीत दुपारी पत्रा तापतो, झोप लागत नाही, असं तिने सिस्टरना सांगितलं. हिमोग्लोबिन नऊच्या वर गेलं. गावाला जाणं पुढे ढकललं. बाळंतपणाला तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं, तिथे रक्ताची पिशवी तयार होती. मुलगी झाली. रक्त जरा जास्तच गेलं, पण तिला सोसलं. पिशवी लागली नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, "सातवर आली असती तर मी आज वेगळा फोन केला असता."

त्यानंतर वाईट बातमी मी उभ्यानेच सांगतो, पहिल्याच वाक्यात. उद्धट डॉक्टर म्हणून तालुक्यात नाव झालं आहे. ते तसंच राहू दे.