चहाच्या पेटीवरचा शब्द

वितळलेल्या लाखेचा वास आला की मला संगमावरचा इंग्रज साहेबाचा बंगला आठवतो. पुण्यावर राज्य तेव्हा श्रीमंत पेशव्यांचंच होतं. साहेबाला मोहोर कोरून हवी होती, म्हणून मी कसब्यातून चालत गेलो. त्याचा मुनशी म्हणाला, "याला इंग्रजी येत नाही, साहेब. पितळ वाया घालवील." साहेबानं मडमेच्या खेळातली हस्तिदंती अक्षरं माझ्यापुढं ओतली. मोडक्या मराठीत म्हणाला, "यातून एक शब्द लाव, काम तुझं." बाजारातल्या चहाच्या पेटीवर रंगवलेला 'टी' हा एकच इंग्रजी शब्द माझ्या ओळखीचा होता. त्याची अक्षरं हुडकून मी उजवीकडून डावीकडं मांडली. मोहोर कोरणारा हात तो, त्याला तीच सवय. मुनशी खदखदून हसला. "अहो कारागीर, उलटं लावलंत! फिरवा आता." मी म्हटलं, "मोहोरेवर असंच लावतात, तेव्हा लाखेवर सुलटं उमटतं." "ही मोहोर आहे का? खेळ आहे हा." "तुमचा असेल. मी कामाला आलोय." अक्षरांना मी पुन्हा बोट लावलं नाही. साहेबानं ती उजवीकडून वाचली आणि पितळेचा तुकडा माझ्यापुढं सरकवला. आता म्हातारपणी कोरणं सुटलं. पण तो शब्द आजही लावायला सांगा, उजवीकडूनच लावीन.