शेवट आधी सांगणारा

आष्टीच्या बाजारात पेनड्राइव्हमध्ये पिक्चर भरून देणारा एक माणूस बसायचा. पिक्चर भरण्याआधी तो त्याचा शेवट सांगून टाकायचा. गिऱ्हाइकं कानांत बोटं घालायची. तो म्हणायचा, "शेवट मालूम असून बी जो पाहावा वाटते, तोच घरी ठेवाचा."

मी आठवीतून शाळा सोडून कणकवलीहून इकडे फरशी बसवायला आलेला. सारखी धाकधूक, या गोळीबाराच्या मुलखातून धड घरी पोचेन ना? एकदा हसत हसत विचारलंच, "काका, माझा शेवट काय हो?"

त्यानं मला नखशिखांत न्याहाळलं. "गोळ्या हिरोले लागतेत, बाबू. तू त गर्दीतला दिसून राह्यला. गर्दीतले सारे घरी जातेत."

इतक्या मायेनं माझा अपमान कुणी केला नव्हता. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.