घोंगडीबाबाची गवाही

मी रंगवलेला वाघ बघून नाक्यावरची कुत्री आठ दिवस गावाबाहेर राहिली होती. पटत नसेल तर कुत्र्यांना विचारा. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवण्यात हिंगोलीपासून वाशिमपर्यंत माझ्या हाताला तोड नाही, असं निदान मी तरी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पण जीव एकाच चित्रात अडकलेला. परदेशी सिनेमातला तो काळ्या कपड्यांतला, अर्धं तोंड झाकलेला, खांद्यापासून पायापर्यंत काळा झगा सोडलेला, सुटून गेलेल्या गुन्हेगारांना अंधारात गाठणारा. त्याला मी फटफटीच्या टाकीवर काढला, ऑटोच्या पाठीवर काढला, एका नवरदेवाच्या गाडीवर काढला. नवरी म्हणे गाडीत बसेना. खोटं असेल, पण मीच पसरवलं, म्हणून मला खरं वाटतं.

तो काहून आवडायचा, हे मला उशिरा कळलं. त्याला कुणाला विचारावं लागत नाही. पंचनामा नाही, तारीख नाही. साक्षीदार तर नाहीच नाही. छपरावरून तो स्वतः बघतो आणि खाली उतरतो.

आमच्याकडं कुणी छपरावर नव्हतं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं एका ढाब्यासमोर, भर दुपारी, माझ्या थोरल्या भावाला पांढऱ्या जीपनं उडवलं. दादा सायकलवर होता. जीप थांबली नाही. दादा जागीच गेला. तेव्हा ढाब्यावर वीसेक माणसं जेवत होती. एरवी मी शंभर म्हणालो असतो, पण वीसच होती, आणि विसांच्याही माना ताटात होत्या. ढाब्याचा मालक गल्ल्यावर रस्त्याकडं तोंड करून बसतो. तो पोलिसांना म्हणाला, "मी आत होतो साहेब, भाजीला फोडणी देऊन राहिलो होतो." त्या माणसानं जन्मात फोडणी दिलेली नाही.

वहिनीचं मागणं एवढंच होतं: जीप कुणाची, हे एकानं तरी पुढं येऊन सांगावं. जीप कुणाची ते सगळ्या नाक्याला ठाऊक होतं. गवाही कुणी देईना.

मग मी माझ्या वीराला कामाला लावलं. मालकाला म्हणालो, "शेठ, गल्ल्याशेजारची भिंत रंगवून देतो. दादाच्या नावानं, फुकट." नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. दहा फुटांचा काढला. पांढरे डोळे, काळा झगा, आणि उजव्या हाताचं बोट थेट गल्ल्यावर रोखलेलं. दोन दिवस मालकानं खुर्ची फिरवून घेतली. मला वाटलं, आता फुटतो.

चौथ्या दिवशी एक म्हातारी एसटीची वाट बघत ढाब्याच्या सावलीला आली. चित्र दिसताच तिनं हात जोडले. झगा तिला घोंगडी वाटला.

"घोंगडीबाबा हायेत," ती म्हणाली. "बघ ना, गल्ल्याला आशीर्वाद देऊन राहिले!"

संपलं! दुसऱ्या दिवशी भिंतीशी धोंडा आला, धोंड्याला शेंदूर लागला. ट्रकवाले उतरून पाया पडू लागले, "बाबा, गाडी सलामत रखना." मालकानं खुर्ची पुन्हा बराबर बोटाखाली आणली आणि वर घंटा टांगली.

एका दुपारी तीच जीप आली. पुढचा बंपर नवाकोरा बसवलेला. जीपवाल्यानं नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. माझ्याही हातावर तुकडा ठेवला. मी तो घेतला. खाल्लाही. वहिनीला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

शेंदराची बातमी मात्र तिला कळलीच. ती आली, भट्टीजवळचं उलथणं उचललं आणि सरळ भिंत खरवडायला लागली. मी रंगाचा डबा घेऊन तिथंच उभा.

"ए बाई, देवाला हात लावू नको!" मालक धावला.

"कसला देव? माझ्या भावजींनी ऑइलपेंटनं काढलेलं भूत हाय ते!"

"भूत असतं तर मला धरलं नसतं का? तुझ्या नवऱ्याला त्या जीपनं माझ्या डोळ्यांदेखत फरफटत नेलं तवापासून मी रोज हितं..."

तो थांबला. वहिनीचं उलथणंही थांबलं.

"ऐकलं ना?" तिनं जेवणाऱ्यांना विचारलं.

एकानं कांदा मागितला. दुसऱ्यानं पाण्याचा जग पुढं ओढला.

ती माझ्याकडं वळली. "भावजी, तुमी ऐकलं?"

मी रंगाचा डबा खाली ठेवला. "ऐकलं."

"मग चला. अन् एक शब्द वाढवायचा न्हाई."

चौकीतल्या जमादारानं मला बघून मिशीत हसून घेतलं. "या पेंटर! जीपला पंख होते का हो?"

मी सांगितलं. वीस माणसं. मालक काय बोलला ते. जीप कुणाची ते. कागदावर चार ओळी झाल्या, माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट. लिहिता लिहिता जमादाराचं हसू गेलं. पेन माझ्याकडं देताना तो हळूच म्हणाला, "जीपवाल्याचं घर तुमच्याच गल्लीत आहे ना? बघा बुवा. तकलीफ होईल."

वहिनी बाकावर बसली होती, उलथणं अजून हातातच. तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही. मी सही केली.

त्याला आता बरेच महिने झाले. नाक्यावर मला कुणी पाटी रंगवायला बोलावत नाही. भिंतीवरच्या ओरखड्यांवरही मालकानं शेंदूर फासलाय. मी कामाला वाशिमकडं जातो, रस्त्याच्या अगदी कडेनं, आणि मागून गाडीचा आवाज आला की सायकलवरून उतरून उभा राहतो.