अक्काची तोंडबंद परीक्षा

वस्तीत कुणाचं काही अडलं की लोक अक्काचं दार ठोठावत. पाणी आलं नाही, अक्का. नवरा पिऊन आला, अक्का. दार तरी तिचं कुठं होतं? घर भावाचं, ही स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारी अंथरूण टाकायची. तिच्या लग्नाचं बघू बघू म्हणता चाळिशी आली आणि बघणाऱ्यांनी नाद सोडला.

अशा बाईनं समाजविकास आणि नेतृत्वाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा वहिनीला हसू आवरेना. "अहो वन्सं, पुढारपण काय पुस्तकातून शिकायचं असतं? दिवसभर तेच तर करत हिंडता!"

अक्काचा डोळा वेगळ्याच गोष्टीवर होता. पास झालं की अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेच्या दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात नोकरी होती आणि राहायला खोली. एकटीची. त्या ओढीनं ती भांडी घासता घासता धडे पाठ करायची.

शेवटी आली प्रात्यक्षिक परीक्षा. शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं असं, की ज्याच्यावाचून लोकांचं अडत नाही, तोच खरा कार्यकर्ता. तेव्हा अक्कानं वस्तीतल्या महिला गटाची बैठक बोलवायची, मागं बसायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. गटानं आपणहून निर्णय घेतला तर ही पास; हिनं मध्येच तोंड उघडलं तर नापास.

अक्कानं बायकांकडून सगळं घोटून घेतलं. "माझ्या तोंडाकडं बघू नका. हवं तेवढं भांडा, पण ठरवायचं तुमचं तुम्ही."

बैठकीत बाई पुढं बसल्या, अक्का मागं भिंतीला टेकून. विषय होता नळाच्या पाण्याचा. बायका भांडल्या, पण काय शिस्तीत भांडल्या! आधी खालची गल्ली, मग वरची, असं ठरवून मोकळ्याही झाल्या. अक्काचा ऊर भरून आला. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

तेवढ्यात शिवणकाम करणारी म्हातारी उठली. "बाई, अजून एक ठरवायचंय. पास झाली की अक्का जाणार म्हणतात. आम्हाला ते चालायचं नाही. नोकरी द्या तिला, पण इथंच द्या. काय गं बायांनो, बरोबर ना?"

पहिला हात वहिनीचा वर गेला. मग सगळ्यांचेच. कितीजणींचे डोळे भरून आले होते. लबाडी कुणाच्याच मनात नव्हती, आणि तेच अक्काला जास्त लागलं. अगं, मला विचारा तरी! शब्द अगदी ओठांवर आले. पण बाई वळून तिच्याकडेच बघत होत्या. अक्कानं तोंड घट्ट मिटलं.

बैठक उठल्यावर बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "पैकीच्या पैकी! आणि लोकांचा शब्द संस्था कधी डावलत नाही हं. तुमची नेमणूक इथंच करायला सांगते."

"पण बाई, मला जायचं होतं हो."

बाई खुर्चीखाली चपला शोधत होत्या. "अहो, मग बैठकीत बोलायचं नाही का!"